ढासळत्या देशाला हात द्यायचा, तर तो कोणाच्या हातात?

वाटसरू (धागाकर्ता)

अफगाणिस्तानचा विषय निघाला की माझं मन दोन तारखांपाशी घुटमळतं. पहिली १५ फेब्रुवारी १९८९. त्या दिवशी जनरल बोरिस ग्रोमोव अमू दर्यावरचा पूल ओलांडून सोव्हिएत हद्दीत परतले आणि सोव्हिएत फौजांची माघार पुरी झाली. काबूलमध्ये मागे राहिले सोव्हिएत पाठबळावरचे राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला. त्यांचं सरकार काही महिन्यांत आटोपणार असंच बहुतेक सगळे धरून चालले होते. पुढच्याच महिन्यात मुजाहिदीन, म्हणजे सरकारविरोधी बंडखोर, जलालाबादवर चालून गेले, पाठीशी पाकिस्तानची फूस आणि रसद. जलालाबाद पडलं नाही. नजीबुल्लांनी एप्रिल १९९२ पर्यंत तग धरला. ते गेले तेव्हा सोव्हिएत युनियनच नकाशावरून पुसलं गेलं होतं, तेल, धान्य, पैसा सगळं आटलं होतं आणि त्यांच्या बाजूने लढणारे सेनापती रशीद दोस्तम पलीकडे जाऊन मिळाले होते. म्हणजे पाठीराखा आधी कोसळला, आश्रित त्याच्यानंतर.

दुसरी तारीख १५ ऑगस्ट २०२१. तालिबान काबूलच्या वेशीवर आले आणि राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून गेले. अमेरिकेचं शेवटचं लष्करी विमान उडालं ३० ऑगस्टच्या रात्री. इथे पाठीराखा अजून विमानतळावर उभा होता आणि आश्रित निघूनही गेला होता.

नजीबुल्लांचं कौतुक करायला हे लिहीत नाही. ते 'खाद' या गुप्त पोलीस खात्याचे प्रमुख होते, आणि त्या खात्याच्या कोठड्यांत काय चालायचं हे हजारो अफगाण कुटुंबांना ठाऊक आहे. पण प्रश्न उरतोच. वीस वर्षं आणि अमाप पैसा ओतून उभं केलेलं राज्य त्या हुकूमशहाच्या राज्याहून ठिसूळ का निघालं?

कागदावर अफगाण सुरक्षा दलं तीन लाखांची होती. त्यातली खरी माणसं किती आणि नुसती हजेरीपटावरची नावं किती, याचा छडा अमेरिकेच्या स्वतःच्या तपासनिसांनाही नीट लागला नाही. २००९ च्या सुमाराला वर्दक प्रांतात मोजक्या पोलिसांचा पगार थेट मोबाइल फोनवर द्यायचा प्रयोग झाला होता. पहिला पगार जमा झाला तेव्हा काही शिपायांना वाटलं, आपल्याला पगारवाढ मिळाली. वाढ वगैरे काही नव्हती. एरवी रोख पैसे वरून खाली येताना मधले अधिकारी आपापला वाटा काढून घेत. त्या महिन्यात शिपायाच्या हाती पहिल्यांदा पुरता पगार पडला होता. मग एका वरिष्ठाने हाताखालच्या माणसांची सिमकार्डंच मागून घ्यायचा प्रयत्न केला.

ही एवढीशी गोष्ट मला कुठल्याही जाडजूड अहवालापेक्षा जास्त सांगते. जो शिपाई डोंगरातल्या चौकीवर बसलाय, ज्याचा पगार त्याचाच साहेब खातो, ज्याला दारूगोळा आणि खाणं वेळेवर पोचत नाही, त्याने कोणासाठी मरायचं? त्यात २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात अमेरिका आणि तालिबान यांचा करार झाला. अफगाण सरकार त्या करारात पक्षकारच नव्हतं, पण त्याच्या तुरुंगातले ५,००० पर्यंत तालिबान सोडले जातील असं आश्वासन त्या कागदात होतं. चौकीवरच्या माणसाने यातून जो अर्थ काढायचा तो काढला. २०२१ च्या उन्हाळ्यात परदेशी कंत्राटदार निघून गेले आणि त्यांच्या देखभालीवर चालणारी विमानं जमिनीवर बसली. त्यानंतर जिल्ह्यामागून जिल्हे वाटाघाटी करून, गोळी न झाडता गेले.

दुसऱ्या बाजूला तालिबानचा काझी. जमिनीचा किंवा पाण्याचा तंटा सरकारी न्यायालयात नेला की वर्षं जायची आणि प्रत्येक टेबलावर काहीतरी ठेवावं लागायचं. तालिबानचा काझी गावात येऊन दोन्ही बाजू ऐकायचा, निकाल द्यायचा आणि तो पाळला जातोय की नाही हेही बघायचा. त्या न्यायात बाईला स्थान नव्हतं, दयामाया नव्हती. तरी शेतकरी तिकडे जात होता.

माझं म्हणणं असं. बंडाळीने पोखरलेल्या आणि दुबळं नेतृत्व असलेल्या देशाबाबत धोरण ठरवताना मोठे देश चेहरा शोधतात. इंग्रजी बोलणारा, शिकलेला, परिषदांत शोभणारा माणूस सापडला की त्याच्यावर सगळा डाव लावतात. हजेरीपट कोणी तपासत नाही, तंटे कोण मिटवतंय ते विचारत नाही. मंडळींनी आपापले दाखले द्यावेत. आपल्या शेजारात याची उदाहरणं कमी नाहीत.

शिलेदार

धागा आवडला, पण मूळ कारणाला तुम्ही बगल दिलीत. काबूलचं सरकार स्वच्छ असतं तरी ते टिकलं असतं का, याची मला शंका आहे. ज्या बंडखोरांना सीमेपलीकडे सुरक्षित घर असतं, त्यांना हरवणं जवळजवळ अशक्य. तालिबानचं नेतृत्व वर्षानुवर्षं पाकिस्तानातल्या क्वेट्ट्यात बसत होतं, म्हणून तर त्याचं नाव 'क्वेट्टा शूरा' (शूरा म्हणजे मंडळ) पडलं. ओसामा बिन लादेन २ मे २०११ ला सापडला तो अबोटाबादमध्ये, पाकिस्तानच्या लष्करी प्रबोधिनीपासून हाकेच्या अंतरावर.

आणि त्या सगळ्या काळात अमेरिका पाकिस्तानला पैसे देत होती! २००९ च्या केरी-लुगर-बर्मन कायद्याने पाच वर्षांत ७.५ अब्ज डॉलरची नागरी मदत मंजूर झाली. लष्करी भरपाई वेगळीच. का देत होती? कारण अफगाणिस्तानला समुद्र नाही. कराचीच्या बंदरात उतरलेला माल तोरखम आणि चमनच्या नाक्यांवरून ट्रकने आत जायचा. नोव्हेंबर २०११ मध्ये सलाला इथल्या नाटोच्या हल्ल्यात पाकिस्तानचे २४ सैनिक मारले गेले, तेव्हा पाकिस्तानने ही वाट सात महिने बंद ठेवली. अमेरिकेला उत्तरेकडच्या लांबच्या आणि महागड्या मार्गाने सामान न्यावं लागलं, आणि शेवटी जुलै २०१२ मध्ये तिच्या परराष्ट्रमंत्र्यांनी खेद व्यक्त केल्यावर वाट उघडली.

ज्याच्या अंगणातून तुमची रसद जाते त्याला तुम्ही जाब विचारू शकत नाही. हजेरीपट नंतर, आधी भूगोल. नजीबुल्लांची रसद थेट सोव्हिएत हद्दीतून येत होती, मध्ये कोणी तिसरा नव्हता. तुमच्या तुलनेत हा फरक यायलाच हवा होता.

मेघश्री

शिलेदार यांचा मुद्दा वजनदार आहे, पण त्याने वाटसरूंचा मुद्दा खोडला जात नाही. मला 'चेहरा' या शब्दावर लिहायचंय. दुबळा नेता नकोसा झाला की बाहेरचा देश काय करतो, याचे तीन नमुने इतिहासात आहेत आणि तीनही अभ्यासण्यासारखे आहेत.

पहिला दक्षिण व्हिएतनामचा. तिथले राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह दिएम हट्टी होते, घराणेशाही चालवत होते, बौद्ध भिक्षूंवर त्यांच्या भावाने पोलीस घातले. वॉशिंग्टनचा धीर सुटला. ऑगस्ट १९६३ मध्ये राजदूत हेन्री कॅबट लॉज यांना तार गेली, त्यातून सेनापतींना समजलं की उठाव केला तर अमेरिका आड येणार नाही. २ नोव्हेंबरला दिएम आणि त्यांचा भाऊ चिलखती गाडीत मारले गेले. मग काय झालं? तीन महिन्यांत दुसरा उठाव, मग तिसऱ्याची तयारी. राजधानी सायगावमध्ये कोण राज्य करतंय हे राजदूताला दर काही महिन्यांनी नव्याने शिकावं लागलं. आणि दिएमना हटवण्यात आपला हात होता म्हणून पुढच्या प्रत्येक सरकारची जबाबदारी अमेरिकेच्या गळ्यात पडली. १९६५ मध्ये तिचे पायदळ सैनिक तिथे उतरले, यामागे ही जबाबदारीची भावनाही होती.

दुसरा नमुना नेता न हटवता त्याची वाटणी करायचा. २०१४ ची अफगाण निवडणूक वादात सापडली, तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी घनी आणि त्यांचे प्रतिस्पर्धी अब्दुल्ला अब्दुल्ला यांच्यात मांडवली घडवली. राज्यघटनेत नसलेलं 'मुख्य कार्यकारी' हे पद तयार झालं. मतमोजणीचा खरा निकाल झाकलाच गेला. ज्या लोकांनी धमक्या झुगारून मत दिलं, त्यांना कळलं की शेवटी हिशोब परदेशी पाहुण्याच्या खोलीत होतो. ९ मार्च २०२० ला तर दोघांनीही, शेजारशेजारच्या महालांत, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. दोह्याचा करार होऊन दहा दिवसही झाले नव्हते.

तिसरा नमुना इराकचा, आणि मला तो त्यातल्या त्यात बरा वाटतो. जून २०१४ मध्ये मोसुल आयसिसच्या हाती गेलं. पंतप्रधान नुरी अल-मालिकी यांनी सुन्नींना दूर लोटलं होतं, सैन्यात मर्जीतले लोक भरले होते. ओबामांनी मोठी मदत रोखून धरली आणि सगळ्यांना सामावणारं सरकार आणा असं स्पष्ट सांगितलं. आतूनही रेटा होता, नजफहून शिया धर्मगुरू अयातुल्ला सिस्तानी यांनीही बदल हवा असं सुचवलं. ऑगस्टमध्ये मालिकी बाजूला झाले, हैदर अल-अबादी आले. त्यांनी त्याच वर्षी जाहीर केलं की सैन्यात ५० हजार नावं खोटी आहेत. वाटसरू, तुमचा हजेरीपट! जुलै २०१७ मध्ये मोसुल परत मिळालं. शहराचा पश्चिम भाग उद्ध्वस्त होऊन, पण मिळालं.

इथे बदल इराकच्या संसदेतून झाला आणि बाहेरच्याने फक्त आपल्या थैलीची दोरी धरून ठेवली. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

वाटसरू

शिलेदार, भूगोलाचा मुद्दा मान्य. तुलनेत तो यायला हवा होता.

मेघश्री, थैलीच्या दोरीबद्दल एक भर घालतो. ज्याला बुडू देणं तुम्हाला परवडत नाही, त्याच्यावर तुमचा धाक राहत नाही. तो हे बरोबर ओळखून असतो. काबूल बँक २०१० मध्ये डबघाईला आली. ठेवीदारांचा जवळजवळ एक अब्ज डॉलर इतका पैसा सत्तेजवळच्या माणसांनी कर्जाच्या नावाखाली पळवला होता. हीच बँक शिपायांचे आणि शिक्षकांचे पगार वाटत होती. देणगीदार देशांनी डोळे वटारले, काही मदत थोपवली, पण तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष करझाई यांना ठाऊक होतं की युद्ध चालू असताना कोणी काबूल सोडून जाणार नाही. बडे मासे बहुतांशी निसटले.

याच्या उलट कोलंबिया बघा. तिथेही बंडखोर होते, अमली पदार्थांचा पैसा होता, देशाचा मोठा भाग सरकारच्या हाताबाहेर होता, आणि २००० पासून 'प्लान कोलंबिया'मार्फत अमेरिकेची मदत येत होती. पण २००२ मध्ये अल्वारो उरिबे निवडून आल्यावर त्यांनी देशातल्या धनिकांवर संपत्ती कर बसवला आणि तो पैसा सुरक्षेवर लावला. श्रीमंतांनी तो भरला. खर्चाचा मोठा वाटा कोलंबियाने स्वतःच उचलला. त्या लढ्यात सैन्याने निरपराध तरुणांना मारून बंडखोर म्हणून दाखवल्याची भयंकर प्रकरणंही घडली, ती विसरून चालणार नाही. तरीही २०१६ मध्ये फार्क या बंडखोर संघटनेबरोबर शांतता करार झाला तो कोलंबियाच्या सरकारने केला, त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी नाही. ज्या देशातले श्रीमंत आपल्याच राज्यासाठी कर भरायला तयार नसतात आणि पैसा दुबईत नेऊन घरं घेतात, तिथे बाहेरून किती ओतणार?

रानवाट

मंडळी, अमेरिकेच्या चुका मोजताना आपलं घरचं उदाहरण कोणी काढलं नाही. मला ते काढायलाच हवं, कारण माझे मामा श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत होते.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदनेच्या वेळी एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारून मारला. सिंहली समाजात काय खदखदत होतं ते तिथेच दिसलं. जयवर्धने यांची अवस्था दोन्हीकडून पेटलेल्या घरासारखी होती. उत्तरेत तमिळ बंड, दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना या डाव्या सिंहली पक्षाचं बंड. आपली फौज उत्तरेत उतरली आणि त्यांची फौज दक्षिणेत जायला मोकळी झाली. करार दोन सरकारांत झाला. ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्या लिट्टेची त्यावर सही नव्हती. प्रभाकरनने मनाविरुद्ध मान हलवली, थोडी शस्त्रं दिली, बाकीची ठेवली.

मामा सांगायचे, पहिल्या दिवसांत जाफन्यात लोकांनी हार घातले. बायका ताडाच्या पानांच्या कुंपणापाशी उभ्या राहून हात करायच्या. दोन-अडीच महिन्यांत त्याच कुंपणांच्या गल्ल्यांतून गोळ्या येऊ लागल्या. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने माणसं उतरवली. शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी एकच वाचला, तोही कैदी होऊन. लिट्टेला आपला बेत आधीच कळला होता. मामांना ती रात्र कधी विसरता आली नाही. घरात हेलिकॉप्टरचा आवाज आला की ते बोलता बोलता थांबायचे.

मग प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी आपल्या फौजेला जा म्हणून सांगितलं, आणि त्याच लिट्टेला शस्त्रं पुरवली, आपल्याविरुद्ध वापरायला. ज्या सरकारच्या विनंतीवरून आपण गेलो, त्याच सरकारने! नेता बदलला की आमंत्रणाचा अर्थ बदलतो, हे तिथे कळलं. श्रीलंकेच्या ईशान्य प्रांतात वरदराज पेरुमाळ यांचं सरकार आपण उभं केलं, त्यांच्यासाठी तमिळ राष्ट्रीय सेना नावाचं दल घाईघाईने भरलं. त्यात पोरं जबरदस्तीने ओढून आणल्याच्या तक्रारी होत्या. आपली फौज मागे सरकली तशी लिट्टेने त्या पोरांची धूळधाण केली. पेरुमाळ भारतात आले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. सुमारे १,२०० जवान मारले गेले होते. मद्रासला त्यांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. मामांनी त्याबद्दल कधी रागाने बोललेलं मी ऐकलं नाही, पण सांगताना आवाज खाली जायचा.

२०२१ मध्ये टीव्हीवर ओस पडलेल्या अफगाण चौक्या दाखवत होते तेव्हा मला ती तमिळ राष्ट्रीय सेनेची पोरं आठवली.

कुतूहल

रानवाट, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. मामांना नमस्कार सांगा.

एक विचारते. त्याच काळात, ३ नोव्हेंबर १९८८ ला, मालदीवमध्ये आपण गेलो आणि काही तासांत काम फत्ते झालं. राष्ट्राध्यक्ष गयूम वाचले, भाडोत्री बंडखोर पकडले गेले. मग तिथे जमलं आणि श्रीलंकेत का नाही?

रानवाट

कुतूहल, मालदीवमध्ये बंडाळी नव्हतीच. बाहेरून बोटीने आलेली माणसं होती, लोकांत त्यांना थारा नव्हता. आग्र्याहून विमानं उडाली, हुलहुलेच्या धावपट्टीवर छत्रीधारी सैनिक उतरले, पळून जाणारं जहाज नौदलाने गाठलं. बहुतेक फौज लवकर परतली. शत्रू कोण आणि काम कधी संपलं, दोन्ही स्पष्ट होतं. खरं तर मालदीवच्या यशाने आपल्याला चुकीचा धडा मिळाला असता. सुदैवाने श्रीलंका तेव्हा रोज दुसरा धडा देत होती.

जुना_वाचक

नेपाळचं उदाहरण यायला हवं, कारण तिथे भारताने केलेली दुरुस्ती मला आपल्या मुत्सद्देगिरीतली फार मोलाची गोष्ट वाटते.

१९९६ पासून माओवाद्यांचं युद्ध चालू होतं. जून २००१ मध्ये राजवाड्यात हत्याकांड झालं, ज्ञानेंद्र गादीवर आले. १ फेब्रुवारी २००५ ला त्यांनी पंतप्रधान देउबांचं सरकार घालवून सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. दिल्लीचं तोपर्यंतचं धोरण दोन खांबांवर उभं होतं: घटनात्मक राजेशाही आणि बहुपक्षीय लोकशाही. राजाने स्वतःच दुसरा खांब पाडला. भारताने शस्त्रपुरवठा थांबवला. शाही सेनेला ती शस्त्रं माओवाद्यांविरुद्ध हवी होती, आणि त्याच माओवाद्यांना आपण दहशतवादी म्हणत होतो. म्हणजे निर्णय सोपा नव्हता. राजा चीन आणि पाकिस्तानकडे वळेल ही भीती खरी होती.

मग नोव्हेंबर २००५ मध्ये सात पक्षांची आघाडी आणि माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता झाला, आणि तो झाला दिल्लीत. बंडखोर आणि लोकशाहीवादी पक्ष राजाविरुद्ध एकत्र आले, माओवाद्यांनी निवडणुकीच्या राजकारणात यायची तयारी दाखवली. भारताने यात किती हात दिला यावर वाद होतील. पण दार बंद केलं नाही, एवढं नक्की.

एप्रिल २००६ मध्ये काठमांडूचे रस्ते भरून वाहत होते. दिल्लीने करण सिंह यांना विशेष दूत म्हणून पाठवलं. २१ एप्रिलला राजाने पंतप्रधान सुचवा असं पक्षांना सांगितलं आणि भारताने त्याचं स्वागत करून टाकलं. रस्त्यावरच्या लोकांनी ते झिडकारलं. त्यांना राजाच्या हातून काही नको होतं. तेव्हा परराष्ट्र सचिव श्याम सरन यांनी लगेच खुलासा केला की नेपाळने काय करावं हे नेपाळी जनता ठरवेल. २४ एप्रिलला राजाला संसद परत बोलवावी लागली. चूक कबूल करायला एक-दोन दिवस लागले. मोठ्या देशांना अशा चुका कबूल करायला एक पिढी लागते.

पुढचा तपशील मला फार आवडतो. शांतता करारानंतर माओवाद्यांची शस्त्रं कंटेनरमध्ये ठेवली, कंटेनरला कुलूप लावलं, संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक पहाऱ्यावर, पण किल्ली माओवाद्यांकडेच! आणि तितकीच शस्त्रं नेपाळच्या सैन्यानेही तशीच कुलपात ठेवली. कोणाचीही मान खाली गेली नाही. श्रीलंकेत आपण प्रभाकरनकडून शस्त्रं जाहीर समारंभात मागितली होती.

दुर्दैवाने २०१५ च्या नाकेबंदीने आपण ही सगळी पुण्याई बरीचशी घालवली. राज्यघटना लिहून झाली आणि सीमेवर इंधनाचे टँकर अडले. नेपाळी माणूस भूकंपाच्या वर्षातला तो हिवाळा विसरलेला नाही.

शिलेदार

नेपाळ मान्य. पण तिथे पक्ष होते, संसदेची आठवण होती. म्यानमारमध्ये काय कराल?

१ फेब्रुवारी २०२१ ला लष्करप्रमुख मिन आँग ह्लाईंग यांनी सत्ता घेतली. आपली १,६४३ किलोमीटरची सीमा तिथे आहे, ईशान्येतले बंडखोर गट तिकडे दडतात. त्यामुळे तिथल्या लष्कराशी बोलणं ठेवा हे धोरण मला तेव्हा बरोबर वाटलं होतं. मग २७ ऑक्टोबर २०२३ ला तीन बंडखोर गटांच्या आघाडीने उत्तर शान प्रांतात मोहीम उघडली, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्याच आराकान आर्मीने पलेत्वा घेतलं. पलेत्वा म्हणजे आपल्या कलादान प्रकल्पाचा सांधा. कोलकात्याहून समुद्रमार्गे सित्त्वे, तिथून नदीने पलेत्वा, तिथून रस्त्याने मिझोरम. २००८ मध्ये करार केला राजधानी नेपिडोतल्या सरकारशी, आणि आता मधला तुकडा अशा लोकांच्या ताब्यात आहे ज्यांची त्या करारावर सहीच नाही.

चीनने काय केलं पाहा. सरकारशीही बोलला, बंडखोरांशीही. जे गट त्याला सोयीचे होते त्यांना मोकळं सोडलं, मग सीमेवरचे नाके बंद करून आवळलं, आणि बंडखोरांनी जिंकलेलं लाशिओ शहर एप्रिल २०२५ मध्ये परत लष्कराच्या हवाली करायला लावलं. मला हा निर्दयपणा पसंत नाही. पण नकाशावर कोणाचं राज्य कुठे चालतं याची खरी माहिती त्यांच्याकडे होती, हे कबूल करावं लागतं.

वाटसरू

शिलेदार, म्हणजे तुम्हीही शेवटी हजेरीपटापाशीच आलात! नेपिडोतल्या सहीला पलेत्वात काय किंमत आहे, हाच तो प्रश्न.

आपल्याकडे ती खरी माहिती असलेले लोक होते, ते दिल्लीत नव्हते एवढंच. मार्च २०२१ मध्ये केंद्राने ईशान्येच्या राज्यांना कळवलं की म्यानमारमधून येणाऱ्यांना थोपवा. मिझोरमचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहिलं की ही आमची रक्ताची माणसं आहेत, आम्ही डोळे मिटून बसू शकत नाही. झोरामथांगा स्वतः एके काळी बंडखोर होते, जंगलात राहिले होते, १९८६ च्या मिझो करारानंतर निवडणुकीच्या राजकारणात आले. म्यानमारच्या चिन प्रांतातल्या तीस हजारांहून जास्त निर्वासितांना त्या छोट्या राज्याने आसरा दिला, त्यांच्या मुलांना शाळेत घेतलं. उद्या चिन प्रांतात ज्याचं राज्य येईल त्याच्या मनात भारताबद्दल जी काही चांगली भावना असेल, ती तिथल्या चर्चच्या आवारात आणि शाळेच्या बाकांवर तयार झालेली असेल.

मेघश्री

वाटसरू, शेवटच्या ओळींमुळे मला परत काबूलकडे यावंसं वाटतंय. आपण अफगाणिस्तानात नुसता चेहऱ्यावर डाव लावला नव्हता. झरंज-देलाराम रस्ता, हेरातजवळचं सलमा धरण, संसदेची इमारत, हजारो शिष्यवृत्त्या. सगळं मिळून सुमारे तीन अब्ज डॉलर. सैन्य पाठवलं नाही, हे श्रीलंकेने शिकवलेलं शहाणपण. या कामांमुळे सामान्य अफगाण माणसाच्या मनात भारताची जागा खरोखर वेगळी होती.

आणि मग २५ ऑगस्ट २०२१ ला आपण अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा एका आदेशाने रद्द केले. जे विद्यार्थी सुट्टीत घरी गेले होते ते तिथेच अडकले. त्यात मुली होत्या, ज्यांच्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या देशातली विद्यापीठंही बंद झाली. सुरक्षेची काळजी मला समजते. पण छाननी करता आली असती, एकेकीचा अर्ज पाहता आला असता.

जून २०२२ मध्ये आपलं तांत्रिक पथक काबूलला परत गेलं, त्याच वर्षी गहू पाठवला, ते योग्यच. ज्याचं राज्य आहे त्याच्याशी बोलावं लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत आले, दूतावास पुन्हा पूर्ण दर्जाने चालवायचं ठरलं. पण अफगाण दूतावासातल्या त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत एकाही महिला पत्रकाराला बोलावलं नव्हतं. ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी परिषद घेतली, तेव्हा महिला पत्रकार पुढच्या रांगेत बसल्या आणि मुलींच्या शाळांबद्दल त्यांनी तोंडावर विचारलं. तो रेटा सरकारने लावला नाही, पत्रकार बायकांनी लावला.

धाग्याचं शीर्षक विचारतं, हात कोणाच्या हातात. माझ्या मते तो त्या मुलींच्या हातात द्यायला हवा होता, आणि अजून देता येईल. पत्रं, ऑनलाइन पदव्या, तिसऱ्या देशातल्या वकिलातीतून व्हिसा, काहीही.

जुना_वाचक

मेघश्री, एक गोष्ट भर म्हणून. काबूल पडलं तेव्हा आपल्या लष्करी प्रबोधिनींत अफगाण छात्र शिकत होते. ज्या सैन्यात त्यांना अधिकारी व्हायचं होतं ते सैन्यच उरलं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारताने त्यातल्या ८० जणांना इंग्रजीच्या बारा महिन्यांच्या अभ्यासक्रमात घेतलं, राहण्याची सोय आणि महिन्याचा भत्ता देऊन. ज्यांना परत पाठवणं म्हणजे मरणाच्या दारात ढकलणं होतं, त्यांना वर्षभराची सवड मिळाली. कोणत्या तरी अधिकाऱ्याने ही वाट शोधून काढली असणार. तशीच वाट त्या मुलींसाठीही कोणीतरी शोधायला हवी होती.